‘आज काय शिकवलं?’ ‘काय नाय, खेळलो’

मागच्या अंकात म्हटलं होतं की शनिवार-रविवारच्या मुलांच्या नाट्यवर्गांबद्दल काय विचारायचं असेल ते पाठवा, तर एवढं आलंय की निम्मं पुढच्या अंकावर ढकलावं लागणार. सांगली-मिरज तर आहेच, पण तासगाव, वाळवा, जत, सगळीकडनं. नाटकाबद्दल मत नसलेला माणूस आपल्या भागात सापडायचा नाही हे माहीत होतं, पण एवढे आईबाप पोरांना नाटकाला घालायच्या विचारात आहेत हे नव्हतं माहीत. नावं कुणाचीच छापत नाही, मुलांचा विषय आहे.

ताई, माझा मुलगा सात वर्षांचा आहे. घरात तोंड बंद नसतं, पण चार माणसं आली की माझ्या मागं लपतो. सगळे म्हणाले नाटकाच्या क्लासला घाल, स्टेज डेअरिंग येईल, म्हणून घातला. दर शनिवारी आल्यावर विचारते आज काय शिकवलं, तर म्हणतो ‘काय नाय, खेळलो’. एक डायलॉग पाठ नाही. मिस्टर म्हणतात खेळायला समोर मैदान आहे की, त्याला फी कशाला. काढू का? – एक आई, विश्रामबाग

मिस्टरांना आधी निवांत बसवा. सात वर्षांच्या पोराच्या हातात पहिल्याच महिन्यात कागद देऊन ‘हे पाठ करून ये’ म्हणणारा क्लास असता ना, तर मी म्हटलं असतं बघा जरा दुसरीकडं. खेळवतायत म्हंजे तिथं जे कोण सर-मॅडम असतील त्यांना काम कळतंय.

आता तो ‘खेळलो’ म्हणतो तेव्हा नेमकं काय झालेलं असतं ते सांगते, कारण मुलं ते सांगत नाहीत, त्यांना सांगताही येत नाही. दोघांना समोरासमोर उभं करतात, एक माणूस आणि दुसरा आरसा. माणूस हात वर नेणार, आरशानं त्याच वेळी न्यायचा, मागनं नाही. सुरवातीला माणूस झालेला पोरगा फसवायलाच बघतो, झटकन हात खाली, झटकन जीभ बाहेर, आरसा चुकतो, सगळे खिदळतात. मग मॅडम सांगतात, आरसा चुकला तर माणूस आउट. की झालं, आता माणसाला आरशाकडं बघत बघत, त्याला झेपेल एवढ्याच वेगानं हलावं लागतं. समोरच्याकडं नीट बघायचं, त्याच्यासाठी थांबायचं, हे नाटकातलं निम्मं काम आहे आणि मोठमोठ्या नटांना ते जमत नाही, पोरं दहा मिनिटांत करायला लागतात.

दुसरा खेळ पंच्याचा. गोलात मधे एक पंचा टाकायचा आणि प्रत्येकानं येऊन त्याचं पंचा सोडून काहीतरी करायचं. कुणी बाळ करतं, कुणी साप, कुणी कणीक तिंबतं. आमच्याकडं एक मुलगी होती, गोलात तोंड उघडायची नाही, तिची पाळी आली की शेजारच्याकडं बोट दाखवायची. एका शनिवारी उठली, पंच्याची घडी घालून काखेत मारली आणि ‘सुट्टे द्या, सुट्टे, पुढं सरका’ करत अख्ख्या गोलातनं फिरली, प्रत्येकाकडनं पैसे घेतले, एकाला तर पास जुना झालाय म्हणून खाली उतरवलं. कुणी शिकवलं नव्हतं, एसटीत बघितलेलं होतं सगळं. तिला त्या दिवशी लिहिलेला डायलॉग दिला असता तर ती उठलीच नसती.

आणि आपण सांगलीकरांनी तरी ह्या पद्धतीला नावं ठेवू नयेत. ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी इथं अप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयानं ‘सीतास्वयंवर’ केलं, ज्याच्यावरनं आपण दरवर्षी रंगभूमी दिन करतो, त्यात सूत्रधारानं म्हणायची पदं तेवढी रचलेली असायची आणि मधली भाषणं पात्रं ऐनवेळी आपापली बोलायची. म्हंजे हातात डायलॉग नसताना उभं राहून बोलणं ही मराठी नाटकाची सुरवातीचीच रीत आहे. हे मिस्टरांना ऐकवा, सांगलीचे असतील तर पटेल.

राहता राहिलं लाजणं. ते जाईलच असं मी कुणाला सांगत नाही. काही मुलं स्टेजवर वाघ असतात आणि लग्नात गेली की परत आईच्या मागं, आणि त्यात बिघडलेलं काहीच नसतं, माणूस तसा असतो. एकच करा, पाहुणे आले की ‘क्लासमधलं करून दाखव रे’ म्हणू नका, ह्या एका वाक्यानं तीन महिन्यांचं काम पाण्यात जातं. आणि ‘काय शिकवलं’ असं विचारण्यापेक्षा ‘आज तुझ्या जोडीला कोण होतं’ विचारून बघा, जास्त ऐकायला मिळेल. शनिवारी दुपारी तो आपणहून चप्पल घालून दारात उभा राहतोय का बघा. राहत असेल तर कशाला काढताय. रडत जात असेल तर मात्र सरळ बंद करा, पुढच्या वर्षी बघता येईल, नाटक कुठं पळून चाललंय.

ताई, मला क्लासमध्ये सगळं येतं पण आईबाबा बघायला आले की मला हसू येतं आणि मी सगळं विसरते. त्यांना येऊ नका म्हणून सांगू का? राग येईल का त्यांना? – वय १२, मिरज

सांग की. तालमीला येऊ नका म्हणायचा तुला पूर्ण हक्क आहे, मोठे नटसुद्धा घरच्यांना तालमीला बसू देत नाहीत. प्रयोगाला मात्र येऊ दे बिचाऱ्यांना, आणि त्यांना लांब मागच्या रांगेत बसायला सांग, स्टेजवर लाइट तोंडावर असले की मागचं तुला काही दिसायचंच नाही. तरी हसू आलं तर जिभेचं टोक टाळूला हलकं दाबून धर आणि नाकानं सावकाश श्वास सोड, आणि समोरच्या पात्राच्या कपाळाकडं बघ, डोळ्यात नको. जातं हसू. राग एक दिवस येईल, मग विसरतील.

आमच्या मुलीच्या क्लासचा वर्षअखेरीला नाट्यगृहात प्रयोग झाला. फी सगळ्यांची सारखी. हिला झाड केलं. अर्धा तास फांद्या घेऊन उभी, एक वाक्य नाही. नातेवाईक बोलावले होते, मला तर मान खाली घालावी लागली. सरांना विचारलं तर म्हणाले छोटी भूमिका, मोठी भूमिका असं काही नसतं. असतं की नाही? – एक वडील, कुपवाड

असतं. ते वाक्य मोठ्या नटांना समजवायला ठीक आहे, दहा वर्षांच्या मुलीला मोठी भूमिका आणि झाड ह्यातला फरक बरोबर कळतो आणि तो नाही म्हणून सांगणं म्हंजे तिला येडं समजणं. तुमची तक्रार रास्त आहे, पण मी ती जरा वेगळीकडं वळवते.

पहिलं म्हंजे सरांना हे विचारा की वर्षभर वर्गात हिनं काय काय केलं. वर्गात ती राजाही झालेली असेल, म्हातारीही, चोरही, आणि प्रयोगात एकदा झाड, तर माझं म्हणणं जाऊ दे. वर्षभरही ती कडेलाच उभी असेल, तीच तीच चार तयार पोरं पुढं आणि बाकीची पोरं गर्दी म्हणून, तर तो क्लास चार पोरांचा आहे आणि बाकीचे त्याची फी भरतायत. असे क्लास आहेत, बरेच आहेत. लहान मुलांसोबत काम करणारा नीट माणूस एक मोठं नाटक घेण्याऐवजी तीन-चार छोटी घेतो, किंवा एकच भूमिका पहिल्या प्रवेशात एकीला आणि दुसऱ्यात दुसरीला देतो, ओढणी बदलली की झालं, प्रेक्षकांना बरोबर समजतं.

दुसरं, झाड. अर्धा तास न हलता उभं राहायला लावणं ही शिक्षाच आहे, पण झाडाला काम देता येतं की. वारा आला की हलायचं, कोण जवळ आलं की सावली द्यायची, चोर आला की फांदी आडवी. तेवढं सुचलं नसेल सरांना तर ती कल्पनाशक्ती कमी पडली, मुलगी नाही.

आणि तिसरं, जे मला खरं सांगायचंय ते हे की स्टेजवर उभं राहणं एवढंच नाटक असं आईबापांनी धरून ठेवलंय. अकरा-बारा वर्षांच्या पुढच्या मुलांना बॅकस्टेज द्या आणि बघा. विंगेत, म्हंजे स्टेजच्या कडेला पडद्याआड, एक टेबल असतं, त्यावर पांढरा कागद पसरून प्रत्येक वस्तूची जागा पेननं आखलेली, इथं कंदील, इथं पत्र, इथं आज्जीचा चष्मा, नट आत गेला की वस्तू घेऊन जाणार, बाहेर आला की त्याच चौकोनात ठेवणार. ते टेबल सांभाळणारी मुलगी म्हंजे प्रयोगाची खरी मालकीण. पत्र जागेवर नसेल तर आत हिरो हात पुढं करून उभा आणि हातात काही नाही! अंधारात सेट बदलायचा तर खुर्चीचे पाय कुठं यायचे तिथं जमिनीवर टेपच्या बारक्या खुणा करायच्या. लाइटच्या माणसाशेजारी संहिता घेऊन बसायचं आणि कुठल्या शब्दावर लाइट जाणार ते आधीच्या वाक्याला सांगायचं. विंगेतनं तुला प्रेक्षक दिसला म्हंजे प्रेक्षकाला तू दिसतेस, हा नियम एकदा कळला की पोरं आयुष्यभर विसरत नाहीत. गणितात कच्ची, घरात वेंधळी म्हणून शिव्या खाणारी मुलं ह्या कामात अशी काही चोख निघतात की आईबाप ओळखत नाहीत. सरकारच्या नाट्यस्पर्धांमध्ये अभिनयासोबत नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा ह्यांनाही बक्षीसं असतात ती उगीच नाहीत. तुमच्या मुलीला विचारा, पुढच्या वेळी हे करतेस का. नाही म्हणाली तर मग सरांकडं बोलणाऱ्या भूमिकेसाठी भांडायला जा, माझी हरकत नाही.

आमच्या मुलाचा आवाज फुटायलाय, तेरा वर्षांचा आहे. प्रवेशाच्या मधेच चिरकतो आणि बाकीची पोरं हसतात. थांबवावं का काही दिवस? – मिरज

थांबवू नका, ओरडायचं तेवढं थांबवा. ह्या वयात स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, त्यामुळं आवाज कुठं जाईल त्याचं त्यालाच माहीत नसतं, काही महिन्यांत बसतो आपोआप. तोवर उंच पट्टीतलं गाणं नको, राक्षसाचं गडगडाटी हसणं नको, पाणी भरपूर. सरांना सांगा त्याला कमी बोलण्याची पण जास्त हालचालीची भूमिका द्या. पूर्वी नाटक कंपन्यांत स्त्रीपार्ट करणाऱ्या पोरांचा आवाज फुटला की त्यांच्या पोटावरच यायचं, तुमच्या मुलाला तशी काही घाई नाही. फुटून सहा-आठ महिने झाले तरी घोगराच राहिला किंवा बोलताना दुखायला लागलं तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवा.

ताई मी जत तालुक्यातला, अकरावीला आहे, शिकायला सांगलीत खोली घेऊन राहतो. रविवारच्या ग्रुपला जातो. वाचायला उभा राहिलो की सर म्हणतात आधी भाषा शुद्ध कर, मग अभिनयाचं बघू. बाकीची पोरं माझी नक्कल करतात. मी आता बोलायचंच कमी केलंय. भाषा सुधारायला काय करू? – वय १६

बोलायचं कमी करू नकोस, हे पहिलं.

तुझ्या सरांनी दोन वेगळ्या गोष्टी एका पोत्यात भरल्यात. एक तुझी बोली आणि दुसरी तुझी वाणी. बोली म्हंजे तू ‘आलो व्हतो’ म्हणतोस, ‘कशापायी’ म्हणतोस ते. वाणी म्हंजे शेवटच्या रांगेतल्या माणसाला तुझा प्रत्येक शब्द ऐकू येतोय का ते. वाणीवर घाम गाळायलाच पाहिजे, त्यात माफी नाही, पण ती पुण्याच्या पोराचीही खराब असू शकते, असतेच, इंग्लिश मीडियमची मुलं तर वाक्याचं शेपूट गिळतात, ‘मी उद्या येणार ना…’ आणि पुढचं पोटात. ते शेपूट बाहेर काढायचा व्यायाम असा: रोज पेपरातला एक परिच्छेद घ्यायचा, एका श्वासात एक वाक्य, आणि प्रत्येक वाक्यातला शेवटचा शब्द पहिल्या शब्दाएवढाच मोठा. खोलीच्या एका भिंतीला तोंड करून नाही, खिडकीतनं समोरच्या बिल्डिंगला ऐकू जाईल असं, पण घसा न ताणता, पोटातनं. ण आणि न, ळ आणि ल, श-ष आणि स हे वेगळे म्हणता आले पाहिजेत, कारण उद्या एखादी भूमिका मागेल ते. म्हंजे प्रमाण मराठी तू शिकायचीच आहेस, पण जादाची म्हणून, तुझी काढून टाकून तिच्या जागी नाही.

आता बोलीचं. नाट्यपंढरी म्हणून आपण छाती फुगवतो ती फक्त नाट्यगृहातल्या संगीत नाटकांवर नाही उभी. लावणी-तमाशाचे शाहीर पठ्ठे बापूराव ह्याच जिल्ह्यातल्या रेठरे हरणाक्षचे. सांगलीला लागून कवलापूर आहे, तिथल्या काळू-बाळूच्या तमाशाला महाराष्ट्रभर लोक जागायचे, आणि ते काय शुद्ध बोलून हसवत होते का? वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णाभाऊ साठे, लोकनाट्यं लिहिली, गिरणी कामगारांसमोर केली, शाळा म्हणाल तर नावाला. ही माणसं आपल्या बोलीतनं मोठी झाली. तुझ्या सरांना हे माहीत नसेल असं नाही, तालमीच्या घाईत विसरलं जातं.

पुढच्या रविवारी कागद हातात आला की सरांना एकच विचार, ‘सर, हा माणूस कुठल्या गावचा आहे?’ भांडायच्या सुरात नाही, खरंच विचार. प्रोफेसर असेल, मुंबईचा असेल, तर तू त्याची भाषा मेहनत करून बोल. शेतकरी असेल, ड्रायव्हर असेल, पोलीस असेल, तर म्हण की मी हे माझ्या पद्धतीनं एकदा वाचून दाखवू का. नक्कल करणाऱ्या पोरांना त्या वेळी तुझ्यासारखं बोलायला लाव, येणार नाही त्यांना, जतकडचा हेल काय असाच येतो होय. एकदोन महिने असं करूनही सरांचं तेच चालू राहिलं तर ग्रुप बदल. सांगलीत नाटकवाले कमी नाहीत.

मुंबईच्या एका कोऑर्डिनेटरनं आमच्या भागातल्या हॉटेलात मुलांच्या ऑडिशन घेतल्या. माझी नऊ वर्षांची मुलगी सिलेक्ट झाली म्हणतात, सिरियलमध्ये मोठा रोल आहे. आता पोर्टफोलिओ आणि रजिस्ट्रेशनचे २५ हजार भरा म्हणतायत, शनिवारपर्यंत. क्लासच्या सरांनीच त्यांचा नंबर दिला होता. भरू का? – वाळवा तालुका

नाही.

काम देणारा पैसे देतो, घेत नाही. हे एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे, पण थोडा कायदा सांगते म्हंजे फोनवर बोलताना तुमचा आवाज चढा राहील. १४ वर्षांखालच्या मुलांना मालिका-सिनेमा-जाहिरातीत काम करता येतं, पण बालकामगार कायद्यात २०१६ ला दुरुस्ती झाली आणि २०१७ ला नियम आले त्याच्या अटीवर. निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी काढावी लागते. दिवसाला पाच तासांच्या वर काम नाही, तीन तासांनंतर विश्रांती पाहिजेच. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. शाळा बुडता कामा नये, त्याची सोय निर्मात्यानं करायची. पाच मुलांमागं एक जबाबदार माणूस. आणि मुलाच्या मानधनातले कमीत कमी २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावावर मुदत ठेवीत टाकायचे, ते त्याला १८ पूर्ण झाल्यावर मिळणार. आता त्या कोऑर्डिनेटरला फोन करा आणि शांतपणे विचारा, निर्मिती संस्था कुठली, परवानगी कुठल्या जिल्ह्यातनं काढलीय, मुदत ठेवीचं पत्र कोण देणार. मला वाटतं फोन तिकडनंच कट होईल.

मुलीला ‘तू सिलेक्ट झालीस’ सांगून टाकलं असेल तर ते निस्तरणं जास्त अवघड आहे. खरं सांगा, की ती माणसं खोटी निघाली, तू वाईट केलं नव्हतंस. आणि क्लासच्या सरांनी नंबर कशाला दिला तेही विचारा, भोळेपणानं दिला असेल तर लाजतील, कमिशन असेल तर चेहऱ्यावर कळेल.

दहावीला नाटकाचे मार्क मिळतात म्हणे? मुलगी नववीत आहे, म्हणून लावायचा विचार आहे. – तासगाव

मार्कांसाठी म्हणून लावू नका. शास्त्रीय गायन-वादन-नृत्य, चित्रकला, लोककला, नाट्य ह्यांचे दहावीला जादा गुण द्यायची सोय आहे, पण ते कुठल्याही क्लासच्या सर्टिफिकेटवर मिळत नाहीत, ठरवून दिलेल्या निकषात बसावं लागतं आणि प्रस्ताव शाळेमार्फत वेळेत जावा लागतो. शाळेच्या ऑफिसात जाऊन चालू वर्षाचं परिपत्रकच मागा. तिला मनापासनं जायचं असेल तर दहावीतही दिवाळीपर्यंत जाऊ द्या, आठवड्याचे तीन तास गेल्यानं कुणी नापास होत नाही, तेवढे मोबाइलवर रोज जातात. पुढं हेच करायचं म्हणाली तरी दचकू नका, पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठात नाट्यशास्त्राचा विभाग आहे, दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाला तर आधी पदवीच लागते. तेव्हा अभ्यास सुटतोय कुठं.

आमच्या वेळी मुलांच्या तोंडी ‘शारदा’तली पदं असायची. नातीच्या क्लासच्या नाटकात मोबाइल, ट्यूशन, आईबाबांची भांडणं! हे काय नाटक? संगीत नाटकाच्या गावात पोरांना एक पद येऊ नये? – एक आजोबा, गावभाग

आजोबा, पदं यायला पाहिजेत ह्यावर मी तुमच्या बाजूनं, पण बाकी पत्रावर भांडण. ‘शारदा’ १८९९ चं. आपल्या हरिपूरच्या देवलांनी त्यात काय लिहिलं, तर पैशासाठी लहान मुलीचं म्हाताऱ्याशी लग्न लावतात ते. म्हंजे तेव्हाच्या मुलींच्या घरात जे चाललं होतं तेच ना? लोकांना तेव्हाही ते झोंबलं असणार. नातीच्या घरात आज मोबाइल आणि ट्यूशन आहे, तर तिच्या नाटकात तेच येणार. बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरचं कामच हे, परीराणी-राक्षस सोडून मुलांच्या रोजच्या अडचणींवर नाटक करायचं, मोहन आगाशेंनी १९८६ ला ते पुण्यात मराठीत आणलं आणि एक अख्खी पिढी त्यावर वाढली.

पदांचं मात्र एक करा. क्लासवाल्यांना फोन करून सांगा की मी एका रविवारी येतो आणि दोन पदं शिकवतो, पेटी असेल तर पेटी घेऊन जा. अर्थ आधी सांगा, त्या मुलीवर काय प्रसंग आलाय ते, मग चाल. ताना नकोत पहिल्याच दिवशी. आणि आईबाबांच्या भांडणाचं नाटक नातीनं लिहिलं असेल तर सुनेला-मुलाला ते बघायला पहिल्या रांगेत बसवा.

क्लास लावण्याआधी काय काय बघावं? मुलगी चौदा वर्षांची, बॅच संध्याकाळी सातला सुटते. – एक आई, सांगली

फी, सर्टिफिकेट, भिंतीवरचे सत्काराचे फोटो हे सगळ्यात शेवटी बघा. एक अख्खा तास मागं बसून बघू देतात का ते आधी विचारा, ‘पालक असले की मुलं खुलत नाहीत’ हे रोजच्यासाठी खरं आहे, पण प्रवेशाआधी एकदाही नाही म्हणत असतील तर पुढं जा. खोलीत दोन मोठी माणसं पाहिजेत, त्यातली एक बाई. कपडे बदलायला मुलींची कडीवाली वेगळी जागा. शिकवताना अंगाला हात लावायचा तर आधी विचारून, ‘खांदा खाली कर’ हे तोंडानंही सांगता येतं. मेसेज ग्रुपवर, ज्यात पालक आहेत, मुलीला स्वतंत्र रात्रीचे मेसेज अजिबात नाहीत, ‘भूमिकेबद्दल बोलायचंय’ म्हणूनही नाहीत. नाटक म्हंजे मोकळेपणा असतो बाई, असं कुणी समजवायला लागलं तर समजून घेऊ नका. काही खटकलं आणि मुलगी बोलली, तर तिचं आधी पूर्ण ऐका, १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर आहे, आणि मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ पासून आहे, तक्रार पोलिसांना घ्यावीच लागते. सातला सुटते तर तिला न्यायला कोण येणार त्याचं नाव क्लासकडं लिहून ठेवा, आज मामा, उद्या मैत्रिणीचे पप्पा असं नको.

मी आटपाडी भागात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. पोरांना सांगलीला पाठवणं कुणाला परवडत नाही. शनिवारी मीच काही सुरू करावं म्हणतो, पण मी स्वतः नाटक कधी केलेलं नाही. काय लागेल? – एक गुरुजी

गुरुजी, तुम्ही रोज चाळीस पोरांना तासभर बसवून ठेवता, आणखी काय नाटक करायचं राहिलंय. शनिवारची शाळा सकाळची असते, ती सुटली की एक तास घ्या, देवळाचा सभामंडप किंवा वर्गातली बाकं कडेला सारून. वीसच्या वर पोरं नकोत. पहिले दोन महिने संहिता आणू नका, वर सांगितलेले खेळ घ्या, मग गावातलीच एखादी गोष्ट पोरांनाच सांगायला लावा, टँकर कसा आला, बैल कसा हरवला, जत्रेत कोण कुणाला सापडलं नाही, आणि तीच उभी करा. पोरं बोलतील ते तुम्ही वहीत उतरवून घ्या, तीच संहिता. आज्जी-आजोबांना ओव्या, भारुडं येत असतील तर त्यांना बोलवा, फुकट येतात आणि चहाही घेत नाहीत. माइक नको, पोरांचा आवाजच बनत नाही त्यानं. प्रयोग करायचा तर दिवसा करा, संध्याकाळी लाइटचा भरवसा नाही आणि बायकांना स्वयंपाक असतो. पुढं वाटलं तर शासनाच्या बालनाट्य स्पर्धेची चौकशी करा, पण पहिल्याच वर्षी त्या मागं लागू नका, मग सगळं बक्षिसाभोवती फिरायला लागतं. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव मात्र आधीच लेखी घेऊन ठेवा, तोंडी नको.